मोरपिसाची निम्फ

रविवारी सकाळी सात वाजून बावीस मिनिटांनी रवींद्रच्या गळाला ट्राउट लागला. चौदा महिन्यांतला पहिला.

तळं सिएराच्या डोंगरात, फ्रीमाँटच्या घरापासून चार तासांवर. रबरी होडीत तिघं होते: रवींद्र, त्याची बायको रत्ना आणि वल्ही मारणारी मुलगी अनिका. ऑगस्ट संपायला एकच दिवस उरला होता. घरी फ्रिजवर मॅग्नेटखाली नवराबायकोचा करार लावलेला आहे: ऑगस्टअखेर स्वतः बांधलेल्या नकली माशीच्या आमिषावर एक ट्राउट, नाहीतर गॅरेजमधलं टेबल रत्नाच्या हार्मोनियमला.

त्या टेबलावर रवींद्र निम्फ बांधतो. निम्फ म्हणजे पाण्याखालच्या अळीची नक्कल: बारीक गळ, त्यावर गुंडाळलेलं पीस, वर चकचकीत तारेचे वेढे. रवींद्र नोकरीने सॉफ्टवेअर टेस्टर. प्रत्येक निम्फ तो बाथटबमध्ये सोडतो आणि तळाला जायला किती सेकंद लागले ते एक्सेलमध्ये भरतो. तळ्यावर मात्र निम्फ खाली जाईपर्यंत त्याला वीस आकडे मोजवत नसत. सातालाच तो दोरी ओढायला लागायचा. आज त्याला शिंका आल्या. सहा. त्या आवरेपर्यंत वीस होऊन गेले आणि दोरी ताणली गेली.

"लागला! लागला!" काठावरची बदकं उडाली.

"बाबा, टिप अप! काठीचं टोक वर!" अनिका किंचाळली.

मासा हातभर उसळला. रवींद्र अर्धा उभा राहिला, होडी गोल फिरली, थर्मासमधला चहा अनिकाच्या बुटात गेला.

"रत्ना, जाळं दे!"

जाळं निम्फच्या डबीवर ठेवलं होतं. रत्नाने ते उचललं तशी डबी उघडली. आत नऊ निम्फ, निळ्या-हिरव्या, प्रत्येकीवर सोनेरी वेढे. तिने एक उन्हात धरली.

"रवी, ही माझी जरीची तार आहे. देवघरातल्या मोरपिसाच्या दांडीला मीच गुंडाळली होती."

"नंतर बोलू!"

"म्हणजे हे पीसही कृष्णाचं? दुकानातलं म्हणाला होतास!"

"दुकानातलं संपलं होतं! आणि एकाच बाजूचं काढलंय. बोडकी बाजू भिंतीकडे केलीय."

"तरीच!" रत्ना म्हणाली. "दोन आठवडे मला कृष्ण तिरका दिसतोय. रोज सरळ करतेय मी त्याला!"

अनिकाच्या हातून एक वल्हं सुटलं. "ओ माय गॉड, बाबा, यू रॉब्ड कृष्णा?"

"त्यानेही लोणी चोरलंच होतं की! रत्ना, जाळं!"

रत्नाला हसू आवरेना, पण जाळं तिने छातीशी धरलं. "शुक्रवारी गोकुळाष्टमी. पंचवीस माणसं येणार. बोडकं पीस दाखवू त्यांना?"

"नवीन आणतो. दोन आणतो!"

"आणि टेबल?"

"टेबलाचा काय संबंध? मासा मिळाला की टेबल माझं. करार आहे!"

"मासा मिळाला की. जाळं हवं असेल तर टेबल हार्मोनियमला."

"अगं, मग मासा धरून मला काय मिळणार?"

"मासा," रत्ना म्हणाली.

अनिका हसता हसता होडीच्या तळाशी आडवी झाली.

सात एकतीसची स्थिती अशी: मासा तिसऱ्यांदा होडीखालून गेला आहे. दोरी शाबूत आहे. वल्हं वीस फुटांवर तरंगतं आहे. जाळं रत्नाच्या मांडीवर, कोरडं. टेबलाचा निकाल लागायचा आहे. रवींद्रला पुन्हा शिंक येते आहे.