दोघींची भीती

जळगावात नवं कॉलेज निघालं, त्याच्या पुढच्याच साली असोद्याच्या तोताराम पाटलांनी लेकीला तिथं घातलं. सुगंधा आपल्या शेवंतामावशीकडे राहून शिकू लागली. पहिल्याच आठवड्यात मराठीच्या सरांनी एका कवितेचा अर्थ विचारला. सुगंधा हौसेनं उठली, "मले वाटते सर..." आणि मागची बाकं खो खो हसली. ती खाली बसली ती बसलीच. त्यानंतर तिनं वर्गात तोंड उघडलं नाही. शाळेत पहिली येणारी पोर आता स्वतःला ढ समजू लागली. पुस्तक उघडलं की डोळे भरून येत, ताटातलं अन्न तसंच राही.

"मावशी, मले काहीच येत नाही. मी घरी जाते," ती एकदा म्हणाली.

शेवंताबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "बरं, जाय. पयले दोन घास तं खाय."

थंडी सुरू झाली तशी कॉलेजात वक्तृत्वस्पर्धा आली. मुलींतून एकट्या मंदानं नाव दिलं. मंदा वकिलांची मुलगी, वर्गात फडाफडा बोलणारी. सुगंधाला तिचा हेवा वाटे. स्पर्धेच्या दिवशी सुगंधा मुलींच्या खोलीत पाणी प्यायला गेली, तर मंदा भिंतीला टेकून उभी. चेहरा पांढराफटक.

"काय गं, बरं नाही का?"

"दर वेळी असंच होतं," मंदा म्हणाली. "बोलायची फार भीती वाटते. वर्गात उत्तर देतानासुद्धा. कुणाला सांगू नकोस हं."

"तुलेही भीती वाटते?" सुगंधा म्हणाली. मग तिनं मंदाचे गार हात हातांत घेऊन चोळले. "हे पाह्य, मी पुढंच बसते. दुसऱ्या कोणाकडे पाहू नको. मलेच सांग सारं."

मंदा बोलली. मध्येच अडखळली, सुगंधाकडे पाहिलं आणि पुढं गेली. बक्षीस दुसऱ्यालाच मिळालं, पण बाहेर आल्यावर दोघी उगाचच हसत सुटल्या.

पुढच्या मराठीच्या तासाला सुगंधाचं काळीज धडधडत होतं. पण ही धडधड आपल्या एकटीचीच नाही, हे आता तिला ठाऊक होतं. ती उठली. "सर, शेवटचं कडवं मले नाही समजलं."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. ती उभीच राहिली.

"हसू नका. ते तुम्हांलाही समजलेलं नाही," सर म्हणाले, "हिनं निदान विचारलं तरी." आणि तास संपेपर्यंत ते त्याच कडव्यावर बोलत राहिले.

नाताळाच्या सुट्टीत मंदा असोद्याला राहायला आली. सुगंधाच्या आईनं मळ्यातच कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजून भरीत केलं. मंदाला तिखट सोसेना, नाक पुसत पुसत ती पुन्हा वाढून घेत होती. जेवणं झाल्यावर दोघी केळीच्या सावलीत आडव्या झाल्या आणि कॉलेज उघडल्यावर काय काय करायचं, ते ठरवत बसल्या.