केसांतून फिरवलेली सुई

अकरा वाजता भाचीला शाळेत नमुना पाठ घ्यायचा होता. पाठ पसंत पडला तर विज्ञान शिक्षिकेची नोकरी पक्की, नाहीतर पुन्हा अर्ज खरडत बसायचं. आणि साडेआठ वाजले तरी तिची सुई काही पाण्यावर तरंगायला तयार नव्हती.

तयारीत तिनं कसर ठेवली नव्हती. काचेचा वाडगा साबणानं लखलखीत घासला होता, सुयासुद्धा साबणानंच धुतल्या होत्या. पाण्याच्या पृष्ठभागावर ताण असतो, अलगद ठेवलेली सुई तो तोलून धरतो, हे तिला तोंडपाठ होतं. सुईला मात्र ते कुणी सांगितलं नव्हतं. सात वेळा ठेवली, सातही वेळा तळाला गेली.

खिडकीशी आत्या शिलाई मशीनवर बसली होती. आईबापामागं भाचीला तिनं वाढवलं, शिकवलं, ते याच मशीनवर. इतका वेळ ती गप्प राहिली हेच नवल. शेवटी उठली, वाडग्यात बोट फिरवून म्हणाली, "बुळबुळीत लागतंय. पदवी घेतलीस, पण भांडं विसळायचं राहिलं."

"आत्या, आत्ता नको ना गं."

"मग कधी, नोकरी गेल्यावर?"

आत्यानं वाडगा तीन पाण्यांनी विसळून भरला. मग आपली सुई घेतली, हातशिलाईच्या वेळी फिरवते तशी केसांतून दोनदा फिरवली आणि आडवी पाण्यावर सोडली. सुई राहिली. तिच्याखाली पाणी जरासं दबलं होतं, इतकंच.

भाची बघतच राहिली. केसांचं तेल लागलेली सुई पटकन भिजत नाही, आणि साबण पाण्याचा ताणच मोडतो. हे सगळं तिनं परीक्षेत लिहिलं होतं आणि तिथंच सोडलं होतं. आत्या मात्र सुई कापडातून सुळकन जावी म्हणून वर्षानुवर्षं ती केसांतून फिरवत आली होती. ते सगळे टाके आपल्यासाठी होते, हे आठवून भाचीला भरून आलं.

वर्गात तिनं सुई केसांतून फिरवली तेव्हा मुलं खुदखुदली, आणि सुई तरंगली तेव्हा बाकांवर चढली. मागं बसलेल्या मुख्याध्यापिकांनी विचारलं, "ही युक्ती कुठल्या पुस्तकातली?"

एखादं भारदस्त नाव ठोकून देता आलं असतं. ती म्हणाली, "पुस्तकातली नाही. माझी आत्या कपडे शिवते. तिच्याकडून आज सकाळी शिकले."

दुपारी तिनं घरी फोन लावला. "आत्या, एक तारखेपासून रुजू व्हायचंय."

"वाटलंच होतं मला." पलीकडं मशीन चालूच होतं.

"आणि हे मला कुणी शिकवलं, तेही सगळ्यांसमोर सांगितलं."

मशीन थांबलं. "माझं सांगितलंस? तिथं, शिकलेल्या माणसांत?"

"हो. तू होतीस म्हणून मी आहे, आत्या."

आत्यानं मशीन पुन्हा सुरू केलं आणि लगेच थांबवलं. मग ती म्हणाली, "थांब जरा. डोळे पुसू दे, टाका दिसत नाहीये."