पोटात तिचं नाव, तोंडावर त्याचा डाग

मी गिटार बोलतेय. लोक म्हणतात, काय गोड आवाज आहे हिचा! आज गोडबीड काही मिळणार नाही. माझं डोकं फिरलंय, आणि कुणाला तरी सांगितल्याशिवाय ते थाऱ्यावर यायचं नाही.

माझा जन्म घरामागच्या एका लांबट खोलीत झाला. दोन खिडक्या, एक मोठं टेबल, भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या पटाश्या. टेबलाच्या एका बाजूला सासरेबुवा, दुसऱ्या बाजूला सूनबाई. सासऱ्यांनी चाळीस वर्षं गिटारी केल्या आणि सूनबाईंना शिकवलंही त्यांनीच. ते मी नाकारत नाही.

मला मात्र घडवलं सूनबाईंनी. माझी फळी त्यांनी रंध्याने तासली, बोटाने टकटक करून, कान लावून ऐकली. पाठ बंद करायच्या आधी माझ्या पोटात कागदाची चिठ्ठी चिकटवली, त्यांच्या नावाची. नऊ वर्षं त्या इथे राबतायत, पण चिठ्ठीवर नाव कायम सासऱ्यांचं. माझ्या वेळी पहिल्यांदा म्हातारा म्हणाला, "हिच्यात तुझं लाव गं." सूनबाई खिडकीकडे तोंड करून हसल्या. मी पाहिलं ना!

मग लाखेचं पॉलिश. तीन आठवडे सूनबाई कापडाचा बोळा फिरवत होत्या. शेवटी मी अशी चकाकले की त्यांची मुलगी माझ्यात बघून दात मोजायची.

राहिला होता ब्रिज. तारा ज्या लाकडी पट्टीत अडकवतात, ती. सासरेबुवा तिला घोडी म्हणतात. ती गरम सरसाने चिकटवायची, आणि सगळी गोम इथेच आहे. पट्टी दाबली की कडेने सरस बाहेर येतो. सरसात असतं पाणी, तेही गरम. लाखेला ते मुळीच सोसत नाही, पांढरट डाग उठतो. म्हणून सूनबाई आधी ब्रिजच्या जागेभोवती पॉलिशवर मेण चोळतात. आत कणभरही जाऊ द्यायचं नाही, नाहीतर सरस लाकडाला धरत नाही. बाहेर मात्र दोन बोटं रुंद, सगळीकडून. मेणावर पाणी ठरत नाही. सरस थोडा आळला की नखाने साल निघावी तसा निघतो. पाच मिनिटांचं काम!

"खूळ आहे," सासरेबुवा म्हणायचे. "मी घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसायचो. एक डाग दाखव माझा."

खरं होतं. पण तेव्हा त्यांचे हात पिळू शकत होते.

त्या दिवशी चार वाजता संगीतशाळेच्या बाई माझं काम बघायला येणार होत्या. मी पसंत पडले तर शाळेच्या सगळ्या गिटारी सूनबाईच करणार, असं ठरलेलं. सरस गरम करत ठेवून, मेणाचा तुकडा टेबलावर काढून सूनबाई मुलीला शाळेतून आणायला गेल्या. "आल्यावर लावते हं बाबा," म्हणाल्या.

पण म्हाताऱ्याला दम कुठला! उठले, सरस लावला, ब्रिज बसवला, क्लॅम्प आवळले. मेणाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरस बाहेर आला तसं फडकं गरम पाण्यात बुडवलं आणि निथळतं तसंच माझ्या तोंडावर फिरवलं. एकदा, दोनदा. पाणी माझ्या पॉलिशवर साचून राहिलं. मी ओरडू कशी? तारासुद्धा नव्हत्या मला.

शाळेच्या बाई आल्या तेव्हा ब्रिजच्या दोन्ही बाजूंना पांढुरकं उठलं होतं. त्या वाकून म्हणाल्या, "हे काय झालं हो?"

आणि म्हातारा म्हणाला, "सूनबाईचं काम आहे. हात बसायचाय अजून."

सूनबाई दारातच उभ्या होत्या, हातात मुलीचं दप्तर. सगळं ऐकलं त्यांनी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली असती, पण मला ना तळपाय ना मस्तक. करून सवरून नामानिराळा!

"विचार करून कळवते," म्हणत बाई गेल्या.

रात्री जेवताना म्हातारा म्हणाला, "स्पिरिटचा बोळा फिरव, जाईल तो डाग."

"जाईल. मला येतं ते. आधी बाईंना फोन करा."

"जाऊ दे ना," नवरा पुटपुटला, "बाबांचं वय बघ."

"वय बघूनच नऊ वर्षं गप्प बसले."

चार दिवस मी तशीच टेबलावर. कुणी हात लावला नाही. पाचव्या दिवशी खोलीत कुणी नाही असं बघून म्हातारा आला. हातात त्याच्या नावाची चिठ्ठी आणि पातळ पातं. माझ्या तोंडातून, म्हणजे तारांखालच्या गोल भोकातून, हात आत घातला आणि सूनबाईंचं नाव खरवडायला लागला.

"बाबा!" सूनबाई मागे उभ्या. "काय करताय?"

"माझं नाव लावतो. म्हणजे डाग माझ्यावर येईल. झालं ना समाधान?"

"वा! डाग घेताना गिटारही घेताय की! नाव राहू दे. डाग तुमचा आहे एवढं तोंडाने म्हणा."

म्हातारा हात काढायला गेला, तर मनगट अडकलं. ओढतोय, निघेना. तेवढ्यात दारात शाळेच्या बाई. नकार समक्ष सांगायला आल्या होत्या बिचाऱ्या.

"काय शोधताय आत?"

सूनबाई हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. मीही मनगट सोडलं नाही.

"मेण मी लावलं नाही," शेवटी म्हातारा खाली बघत म्हणाला. "ती घरात नव्हती. डाग माझा आहे. खोटं बोललो."

मग निघाला हात.

सूनबाईंनी त्याच दुपारी डाग काढला. बारा गिटारींचं काम त्यांना मिळालं, मी शाळेत आले. म्हातारा आता रोज स्वतः मेणाचा तुकडा काढून ठेवतो म्हणे. ठेवू दे. माझा राग गेलेला नाही. डाग स्पिरिटने निघतो, "हात बसायचाय अजून" हे कशाने काढायचं?

पोरांनो, मला खुशाल वाजवा. पण आधी माझ्या तोंडाशी डोळा लावून आतली चिठ्ठी वाचा. पहिलं अक्षर खरवडलंय त्याने. तेवढं मनातल्या मनात पुरं करा आणि नाव मोठ्याने घ्या.