पंख्याचा पासंग

आयटीआय होऊन वर्ष झालं तरी काम नाय, म्हणून आबा वैतागले होते. "श्रेया, चितेगावची ही शेवटची ट्रायल. नाय जमलं तर लगीन. बिडकीनचे पाहुणे आज दुपारीच तुला बघायला येतेत." मेंढरं राखणारा माणूस, एकदा बोलला की बोलला. मी म्हणलं, "व्हय, बघू."

वर्कशॉपात फिटरची जागा एकच आन आम्ही दोघं. दुसरा सार्थक, तालमीतला गडी. फोरमन अप्पाराव मला बघून हसले. "पोरी, तू ह्याच्या पासंगाला तरी पुरशील का?" अस्सं डोकं तापलं माझं!

लोखंडी पंख्याचा दांडा दोन सपाट पट्ट्यांवर टेकवला होता. पंखा सोडला की फिरायचा आन जड पातं खाली येऊन थांबायचं. समोरच्या हलक्या पात्याला दांड्यापासून कडेपर्यंत सहा भोकं. त्यात एकच वायसर, म्हंजे लोखंडी चकती, बोल्टानं आवळून पंखा तोलायचा.

सार्थकनं वायसर दांड्याजवळच्या भोकात आवळला. जड पातं पुन्हा खालीच. "सर, ह्याच्याहून जड द्या की."

"दुसरा नाय," अप्पाराव म्हणले.

मला हसूच आलं. आबा कावड उचलताना खांदा जड बाजूला सरकवत्यात. हलक्या बाजूचा दांडा लांब झाला की ती जडाला तोलून धरती. आयटीआयत त्यालाच टॉर्क म्हणत्यात, वजन गुणिले अंतर. मी तोऱ्यात वायसर थेट कडेच्या भोकात लावला.

पंखा फिरला आन आता वायसरचं पातंच खाली आलं. अगं बाई!

"झालं समाधान?" अप्पाराव.

"थांबा काका. तुमचा पासंग पुरला, वर उरला बी!"

वायसर एक भोक आत घेतला. अप्पारावांनी पंखा पाच वेळा फिरवून सोडला. पाचही वेळा तो वेगळ्याच जागी थांबला, आन जिथं थांबला तिथंच राहिला. मंग त्यांनी हजेरीच्या वहीत माझं नाव लिहिलं आन म्हणले, "उद्या आठला. उशीर चालायचा नाय."

बाहेर येऊन फोन लावला. आबा हळूच बोलले, "पाहुणे आलेत गं. चहा चाललाय."

"पिऊ द्या. मला काम लागलं, आबा."

मंग आबांचा आवाज आला, पण माझ्याशी नव्हता, मोठ्यानं होता. "पाव्हणं, चहा घ्या आन निघा आता. आमच्या फिटरीणबाईला सवड नाय."