गल्ला उपाशी, वही गलेलठ्ठ

मित्रांनो, रंगाच्या दुकानात काउंटरखाली जो जुना लाकडी गल्ला दिसतो ना, तो मीच. मालकांच्या सुतार मित्राने मला घडवले. मला ओढले की मी कुरकुरतो. मालक गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगत, "हा बोलला की समजायचं, बरकत आली." त्या एका वाक्यावर मी कित्येक वर्षे खूश होतो.

मग उधारीची लाल वही आली. मालक पडले भिडस्त. "काका, लिहून ठेवा," असे कोणी म्हणायचा अवकाश, की ते लिहून मोकळे. माझ्या कप्प्यांत झुरळे फिरू लागली आणि ती बया दिवसेंदिवस फुगत गेली. मालक तिला बगलेत मारून घरी नेत, मला मात्र कुलूप! माझा नुसता जळफळाट होई. त्यात तिच्यातलीच बेरीज करून मालक आपल्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना म्हणत, "बघ, यंदा नफा किती!"

"कसला नफा?" काकू म्हणाल्या. "डबा नऊशेला आणता, हजाराला विकता. एक बुडाला, तर पुढचे नऊ डबे विकून नुसती तूट भरायची."

एकदा गडबडीत मालकांनी वही माझ्यातच टाकली आणि ती मागच्या फटीत घसरली. मी अंग चोरून अगदी अलगद सरकू लागलो, कोणाला पत्ता लागू दिला नाही. म्हटले, बरी खोड मोडली!

पण चार दिवसांत वही हरवल्याची बातमी फुटली. रंगारी म्हणाला, "माझं तर मागेच फिटलं की, काका." तेवढ्या एका सुतार मित्राने आठवेल ती रक्कम आणून ठेवली. घाऊक व्यापाऱ्याने मागची बाकी मिळेपर्यंत माल बंद केला. मालकांनी मला उघडले, रिकामे कप्पे पाहिले आणि म्हणाले, "आता दुकान विकावं लागणार."

दुकानच गेले, तर मी तरी कुठे राहणार? काकूंनी मला ढकलले तेव्हा मी मुद्दाम अर्ध्यावर अडलो. "मागे काहीतरी आहे," म्हणत त्यांनी मला अख्खा बाहेर काढला. वही सापडली! तिच्यावरून वसुली झाली आणि दुकान वाचले.

आता ती माझ्यातच राहते. जुनी बाकी फिटल्याशिवाय काकू नवा डबा देत नाहीत. मित्रांनो, तिचा हेवा मला अजूनही वाटतो. पण तिच्यातली ओळ खोडली जाते, तेव्हाच माझ्या कप्प्यात नोट पडते. कोणी विश्वासाने तुमचे नाव लिहून ठेवले असेल, तर ते खोडायला स्वतःहून जा. वही हरवली आहे का, हे आधी विचारू नका.