समुद्राला भरती केलंय

मी एक जुनी शेकाची पिशवी आहे. रबराची, पोटाने गोल, मानेने आखूड, डोक्यावर काळं बूच. एकेकाळी मी लालबुंद होते. आता माझा रंग कुठला ते मलाही सांगता येत नाही. या घरातली आजी म्हणते विटेसारखा, तिची सून म्हणते जुन्या खपलीसारखा. मी म्हणते, मित्रांनो, रंगाचं काय घेऊन बसलात? पोटात काय आहे ते विचारा!

माझा जन्म कारखान्यातला. तिथे आम्हाला साच्यात दाबायचे आणि भाजून काढायचे. म्हणजे जी पुढे जन्मभर दुसऱ्यांना शेकणार, तिला आधी स्वतः शेकून निघावं लागलं. मग परीक्षा. हवा भरून पाण्यात बुडवायचे, एक जरी बुडबुडा आला की रवानगी भंगारात. माझ्यातून बुडबुडा आला नाही. तेवढ्यावर तपासणाऱ्या बाईंचं समाधान होईना. त्यांनी कारखान्यातला सगळ्यात जाडजूड कामगार माझ्यावर बसवला. तो बसला, मी दबले, आणि मग अशी उसळले की तो थेट छताला जाऊन चिकटला. शिडी लावून उतरवावा लागला. खोटं वाटतं? छतावर त्याच्या टकलाचा तेलकट डाग अजून आहे, जाऊन बघा.

त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, फुटेन पण गळणार नाही. आमच्यात गळण्यासारखी दुसरी नाचक्की नाही.

मला या घरात आजीने आणलं, आजोबांच्या गुडघ्यांसाठी. आजोबा पोस्टमन होते. लोकांची पत्रं पोचवायला जिने चढून चढून त्यांचे गुडघे दाराच्या बिजागरीसारखे कुरकुरायचे. संध्याकाळी ते आले की आजी पाणी गरम करायची, मला भरायची, बूच पिळून घट्ट करायची आणि उलटी धरून एकदा गदागदा हलवायची. थेंब पडला नाही की म्हणायची, "शाबास गं माझी ठकी!" तिने आपल्या जुन्या स्वेटरची बाही कापून मला अंगरखाही शिवला होता. इतक्या थाटात घरातलं दुसरं कोणी नव्हतं.

तेव्हा त्यांचा मुलगा लहान होता. गणिताची परीक्षा आली की त्याला ताप यायचा. एकदा त्याने मला कपाळावर ठेवलं आणि थर्मामीटर हळूच माझ्या पोटाला लावला. आजीने पारा बघितला आणि पापणीही न हलवता म्हणाली, "बापरे, पारा तर टोकाला गेलाय! थांब, गॅस वाचवू, याच्या डोक्यावर चहा ठेवते." आणि खरंच भांडं घेऊन आली. पोरगं उठलं आणि दप्तर घेऊन पळत सुटलं. अजूनही आजी सांगते की दोन कप चहा झालाच होता, फक्त दूध घालायचं राहिलं.

पुढे तो मुलगा मोठा झाला, बेकरीत कामाला लागला, बाबा झाला. घरात वायरवाला शेकायचा पट्टा आला. बटण दाबलं की गरम. ना पाणी, ना बूच. माझी घडी घालून, बूच घट्ट लावून, मला कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात टाकलं, बूट पॉलिशच्या डब्याखाली. मित्रांनो, आत ओल असताना बूच लावून ठेवलं की रबराला आतून कसं चिकट, गुदमरल्यासारखं होतं, ते तुम्हाला काय सांगू.

तिथून मला काढलं ते गुंडीने. गुंडी म्हणजे त्या बाबाची मुलगी. शर्टाची गुंडी असते तशी बारकी आणि कायम सुटलेली, म्हणून सगळे तिला गुंडी म्हणतात.

गेल्या हिवाळ्यात आजोबांची छाती कफाने भरली. घरात धावपळ. दारात बाबा फोनवर कुणाला तरी सांगत होता, "आजोबांना भरती केलंय." गुंडी तेव्हा जेमतेम तीन वर्षांची. म्हणाली, "मी पण येते." आई म्हणाली, "लहान मुलांना जवळ सोडत नाहीत राणी. तू थांब घरी, आम्ही जाऊन येतो." मग गुंडीने काय करावं? कपाटाचा खालचा खण ओढला, मला बाहेर काढलं आणि पळत दारात आली. "हिला न्या! आजोबांची आहे!"

आजीच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. ती म्हणाली, "नंतर हं," आणि कोपराने मला चपलांच्या मांडणीवर सरकवलं.

ते नंतर काही आलं नाही. आजोबाही परत आले नाहीत. मोठी माणसं कुजबुजत राहिली. मोठ्यांना वाटतं, कुजबुजलं की मुलांना ऐकू जात नाही. खरं तर मुलं तेव्हाच कान टवकारतात. मी पुन्हा खालच्या खणात गेले.

आता खरी गोष्ट.

या वर्षी बेकरीच्या भट्टीच्या विटा ढासळल्या. नव्या बसवायच्या म्हणून बेकरी तीन दिवस बंद. बाबाला अशी सुट्टी कधी मिळत नाही. तो पहाटे जातो आणि संध्याकाळी गुंडी भातुकली मांडते तेव्हा पेंगत असतो. गुंडीला बाबा म्हणजे पीठ लागलेली एक घोरणारी पाठ, एवढंच माहीत. त्याने ठरवलं, हे तीन दिवस समुद्रावर. गुंडीने समुद्र पाहिलाच नव्हता.

गुंडीची आई चष्म्याच्या दुकानात काचा घासते. तिनेही रजा टाकली. पावाच्या कागदी पिशवीच्या पाठीवर यादी सुरू झाली. टोप्या, टॉवेल, बिस्किटं, लाल बादली. गुंडीला वाचता येत नाही, म्हणून तिच्यासाठी बाबाने यादीत सगळ्यात वर एक गुंडी काढली, चार भोकांची. "ही तू. म्हणजे विसरायला नको." ती दिवसातून दहा वेळा जाऊन बघायची, आपण अजून यादीत आहोत ना.

"आई, तूही चल," बाबा आजीला म्हणाला.

"मी कशाला? वाळूत माझे गुडघे रुतले की मला तिथेच सोडून याल. मी बसते घरी निवांत." निवांत म्हणाली, पण नजर आजोबांच्या खुर्चीकडे होती.

बुधवारी बाबाने समुद्राकाठच्या खोलीवाल्या बाईंना फोन केला. त्या सांगत होत्या ते तो मोठ्याने घोकत होता. "शनिवारी दुपारी तीनला भरती आहे समुद्राला... हो... मोठी भरती? अच्छा... लहान मुलांना जवळ सोडत नाहीत? बरोबर, बरोबर. लांबूनच बघू."

गुंडी टेबलाखाली बादलीला बाहुलीचा फ्रॉक घालत होती. तिचे हात थांबले.

संध्याकाळी ती म्हणाली, "तुम्ही जा. मी थांबते घरी."

झालं! आईने विचारलं, "पाण्याची भीती वाटते?" मान नकारार्थी. "खेकड्याची?" नाही. "मग काय झालं गं माझे आई?" काही नाही. आजीने समुद्राच्या थापा मारून बघितल्या, लाटांवर बसून शाळेत जाणाऱ्या मुलांची गोष्ट सांगितली. एरवी हसून लोळणारी गुंडी रडायलाच लागली. गुरुवारी पहाटे निघताना बाबाने यादी पाहिली तर वरच्या गुंडीवर काळी रेघ. तिने स्वतःला यादीतून खोडलं होतं.

बाबाला पिठाचा हात तोंडावरून फिरवायची सवय, तसा कोरडाच हात फिरवत राहिला.

मला मात्र सगळं कळलं होतं. कारण त्याच दुपारी खालचा खण उघडला. गुंडीने मला बाथरूममध्ये नेलं आणि मगाने गार पाणी भरलं. गरम पाण्याला हात लावायचा नाही असा घरात नियम आहे. माझ्या कानाशी, म्हणजे बुचाशी, तोंड आणून ती म्हणाली, "समुद्राला बरं नाहीये. शनिवारी भरती करणार आहेत. मला आत सोडणार नाहीत. तू जा. गरम तू तिथे गेल्यावर हो." मग एक मोजा, खोकल्याच्या औषधाचा चमचा आणि मी, असं सगळं तिने बाबाच्या भरलेल्या बॅगेत शर्टांखाली खुपसलं. बूच तिने लावलं आपल्या चार बोटांनी. तिरकं.

संध्याकाळी बाबा फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात बसला. आईला म्हणाला, "रद्द करतो. तिला घरी ठेवून जायचं, ते कसलं जाणं?"

"सकाळपर्यंत थांब ना."

"नको. बाईंना उगीच खोली अडवायला लावायची."

मी पॅसेजमध्ये बॅगेत आडवी पडले होते. मित्रांनो, बूच तिरकं होतं, पण मी तीस वर्षांची मुरलेली पिशवी. श्वास रोखून धरला असता तर दोन दिवस थेंब येऊ दिला नसता. जाड्या कामगाराखाली नाही गळले, आता गळू? आजीची शाबासकी, माझी अब्रू, सगळं डोळ्यांपुढून गेलं. आणि तिकडे फोनची बटणं वाजायला लागली.

मी सोडून दिलं. मुद्दाम गळले, अगदी मनापासून गळले. शर्ट भिजले, बॅग भिजली, पाणी दाराखालून स्वयंपाकघरात शिरलं आणि नेमकं बाबाच्या पायाला लागलं.

"नळ चालू आहे का गं?"

आई डोकावली. "अरे, तुझी बॅग रडतेय!"

फोन टेबलावर राहिला. बाबाने ओले शर्ट उपसले आणि मला मानेला धरून वर काढलं. "ही इथे कोणी ठेवली? आई, तुझी ठकी बघ काय करून बसली!"

"ठकी गळणं शक्य नाही," आजी आतून म्हणाली. मग चमचा निघाला. मग मोजा. गुंडी दाराला चिकटून उभी होती, खालचा ओठ बाहेर.

आई ओल्या फरशीवर बसली. "राणी, हे कुणासाठी?"

"समुद्रासाठी."

"त्याला काय झालंय?"

"बाबा म्हणाला ना, भरती आहे. मोठी. आणि मुलांना जवळ सोडत नाहीत." आणि मग एवढा वेळ आत कोंबलेलं सगळं बाहेर आलं. "मी आजोबांना पिशवी दिली होती, आजीने नेलीच नाही!"

आजीने मला बाबाच्या हातातून घेतलं आणि पदराने पुसलं. मी केव्हाच कोरडी झाले होते, मित्रांनो. तरी पुसत राहिली. मग म्हणाली, "खरंय बाई. चुकलंच माझं. न्यायला हवी होती."

बाबा उठला, बेकरीतला एक चपटा ट्रे घेऊन आला. त्यात पाणी ओतलं, खाली ठेवला आणि एक कड उचलली. पाणी गुंडीच्या बोटांकडे धावलं. "हा समुद्र. पाणी वर येतं, असं, किनाऱ्याकडे. याला म्हणतात भरती." कड खाली टेकवली. "आणि परत जातं, ती ओहोटी. आजारी नाहीये तो. रोज दोनदा असं करतो."

"रोज भरती होतो?"

"रोज."

"आणि रोज घरी जातो?"

"रोज."

गुंडीने स्वतः ट्रे हलवून बघितला. चार वेळा. मग विचारलं, "आजोबांची ओहोटी का नाही झाली?"

आजीने तिला मांडीवर ओढलं. "शब्द तोच असला तरी ती भरती वेगळी गं. माणूस फार दमलं की कधी कधी परत येत नाही. आजोबा नाही येणार. मलाही रोज वाटतं, यावेत."

"तुला पण?"

"रोज. दोनदा."

गुंडी बराच वेळ आजीच्या बांगड्या मोजत बसली. मग उठली, पेन्सिल आणली आणि यादीत एक नवी गुंडी काढली. भोकं पाच पडली. तिच्या शेजारी आणखी एक काढली, मोठी. "ही आजी."

"अगं पण माझे गुडघे..."

"त्यांना ठकी आहे ना!"

शुक्रवारी आम्ही पोचलो तेव्हा पाणी पार लांब गेलेलं. ओल्या वाळूकडे बोट दाखवून गुंडी ओरडली, "डिस्चार्ज मिळाला!" शेजारून जाणारे एक काका दचकून दोनदा वळून बघत गेले.

शनिवारी दुपारी तीनला आम्ही सगळे किनाऱ्याच्या बांधावर होतो. गुंडी बाबाच्या खांद्यावर, आजी खुर्चीत, मी तिच्या गुडघ्यांवर, पोटात गरम पाणी आणि बूच कसून सरळ. समुद्र आला. पायरी पायरी चढत आला आणि बांधावर धडकला. सगळ्यांच्या तोंडावर खारं पाणी. "भरती झाला! भरती झाला!" गुंडी बाबाचे केस ओढत हसत होती, आणि बाबा, दुपारचे तीन वाजले असूनही, टक्क जागा होता.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला तिने मला ओल्या वाळूवर नेऊन ठेवलं. "बरं वाटू दे त्याला, तरीपण." मी पंधरा मिनिटं समुद्राला शेक दिला. किनाऱ्याजवळचं पाणी तुम्हाला कधी कोमट लागलं, तर उगीच उन्हाला श्रेय देऊ नका. ते माझं काम आहे.

आता मी खालच्या खणात नसते. स्वयंपाकघराच्या दारामागे उलटी टांगलेली असते, बूच काढून, आत वारा लागेल अशी. पोटात चार कण वाळू राहिलीये. गुंडी मला हलवते आणि कान लावून म्हणते, "ओहोटी चालू आहे."

मित्रांनो, तुमच्याही घरात माझी एखादी बहीण असेल. काम झालं की तिला रिकामी करा, उलटी टांगा, बूच लावून कोंडू नका. आणि एखादं बडबडं पोर अचानक गप्प झालं, तर त्याला गदागदा हलवू नका. त्याच्याजवळ फरशीवर बसा, ओली असली तरी. आत कुठला शब्द अडकलाय ते विचारा, आणि बूच त्याचं त्यालाच हळू हळू उघडू द्या.