इसापूरचा समुद्र

भीमसिंगच्या बापजाद्यायनं समुद्रावरून बैलाच्या पाठीवर मीठ लादून आणलं, अन् भीमसिंगनं समुद्र काही पाह्यला नाही. लदेणीच्या त्या बैलायच्या गोष्टी सांगता सांगता बुढ्याचे दात पडले, डोयावर पडदा आला. यंदा म्हणे, "रुपे, एक डाव समुद्राचं पाणी जिभेवर ठेवतो. मंग खुशाल उचला मले."

पण पुसदच्या डॉक्टरनं छातीले नळी लावली अन् म्हणे, "बाबा, लांबचा प्रवास बिलकूल नाही."

त्या दिवशी बुढ्यानं भाकरीले हात लावला नाही. त्याची बायको रुपीबाईनं ते ताट झाकून ठेवलं. आता ही बाई अशी, का तिच्या गोष्टीत कोंबडी वाघाले पयवे. ती म्हणे, "बुढा समुद्राकडं जात नाही, त समुद्रच बुढ्याकडं येईन!"

नात वर्षानं गाडी काढली, बुढ्याले मांगं उशी देली. पुसदच्या भोवताल गाडी अशी गरगर फिरवली, का चहावाल्याचं कुत्रंही भुकून भुकून थकलं. बुढा झोपे अन् उठे.

"कुठवर आलो?"

"तीन जिल्हे मांगं पडले," रुपीबाई म्हणे.

मंग गाडी इसापूर धरणाच्या काठाकाठानं लागली. पलीकडचा काठ दिसेच ना, एवढं पाणी. एका जागी रोही, नीलगायीचा नर, पोटापर्यंत पाण्यात उभा. वर्षानं गाडी थांबवली.

"ते काळं काय वो?"

"समुद्रातला घोडा."

"शिंगं दिसून राह्यले मले."

"खारं पाणी पेलं का येतात घोड्याले शिंगं."

वर्षानं तोंडात ओढणी कोंबली. पुढं खडकावर कासवं ऊन खात पडली होती. ती खरीच कासवं होती, त रुपीबाईले काही बोलायलेच सुचेना. तेवढ्यात झाडीत मोर केकाटला.

"समुद्रावर मोर कायले?"

"फिरायले आला असन. आपण नाही आलो?"

बुढा खाली उतरला, चपला काढल्या, पाण्याले हात जोडले. "दे आता. चाखू दे."

इथं थाप चुकली, त बुढा उपाशी जाईन. रुपीबाईनं पाठ फिरवली, लोटा भरला, पदराच्या गाठीतली मिठाची पुडी त्यात सोडली, बोटानं ढवळली.

बुढ्यानं घोट घेतला. जीभ फिरवली. डोयात पाणी आलं.

"खारट हाये," तो हळूच म्हणे.

"समुद्रच होय तो!"

"हाव. पण समुद्रात ओवा कोणं टाकला, रुपे?"

काकडीले लावायची ओवा-मिठाची पुडी! घाईत तीच बांधली होती. रुपीबाईनं पदराची गाठ हुंगून पाह्यली. वर्षा गाडीमांगं लपली.

बुढा मात्र हसत सुटला. हसता हसता खाली बसला. "माह्या आज्यानं समुद्रावरून मीठ आणलं. पण त्याच्यासाठी कोणीच समुद्र नाही आणला. तू आणला. लय उपकार झाले तुहे." अन् उरलेला लोटा गटागटा पेला. मंग म्हणे, "भाकरी आणली का? भूक लागली."

सांजीले तांड्यात शेजारचा लखीराम आला. "समुद्र पाह्यला म्हणते, काका?"

"पाह्यला न! शिंगाचा घोडा पाह्यला, बैलाएवढा! अन् पाण्यात ओवा इतका, का एका घोटात पोट साफ."

लखीरामनं रुपीबाईकडं पाह्यलं. तिनं पदर डोयाले लावला, अन् मंग ठसक्यात म्हणे, "पाह्यतं काय? बुढा कधी खोटं बोलते का?"